खुडूक कोंबडीची निगा : एकवीस दिवसांचा परिसरपाठ

(इयत्ता चौथी व पाचवीसाठी)

१. प्रास्ताविक

सातारा व सांगली जिल्ह्यांतील खेड्यांत ज्या घरी चार गावठी कोंबड्या आहेत, त्या घरचे मूल शाळेत येण्यापूर्वीच पुष्कळ काही शिकून आलेले असते. कोणती कोंबडी खुडूक झाली, आजीने तिला कोणत्या बुट्टीत बसविली, पिल्ले कोणत्या वारी निघणार, हे सारे त्याला ठाऊक असते. परंतु तेच मूल वर्गात ‘पक्षी अंडी घालतात व उबवितात’ एवढे एक वाक्य पाठ म्हणून दाखविते. कोंबडी अंडी वारंवार का फिरविते, काही अंडी वांझ का निघतात, असे विचारल्यास ते गप्प राहते. घरचे ज्ञान व शाळेचे ज्ञान यांची गाठ पडलेली नसते. ती गाठ घालून देणे हा या पाठाचा हेतू होय.

प्रारंभीच एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खुडूक कोंबडीखालची अंडी हे शाळेचे शैक्षणिक साहित्य नव्हे. बहुतेक घरी कोंबड्यांचे उत्पन्न घरातील स्त्रीच्या हाती असते. आठवड्याच्या बाजाराचे तेलमीठ, मुलाची वही, अडीअडचणीचे औषध अशा खर्चाला ते उपयोगी पडते. दहा-बारा अंडी तिने विकली नाहीत, घरात खाल्ली नाहीत, पुढील आशेवर कोंबडीखाली ठेविली. वर्गाच्या उत्साहापायी कोंबडी उठली व अंडी गार पडली, तर नुकसान तिचे होते आणि शाळेवरील तिचा विश्वास उडतो तो वेगळाच. यास्तव या पाठाचा पहिला नियम असा : पाहावे, मोजावे, लिहावे, हात मात्र घरच्या माणसानेच लावावा.

२. खुडूक होणे म्हणजे काय

गावठी कोंबडी सामान्यतः दहा ते पंधरा अंडी घालते व मग खुडूक बसते. ती खुराड्यातून उठत नाही, अंगाची पिसे फुलविते, जवळ गेल्यास चोच मारते व ‘कुडुक कुडुक’ असा निराळा आवाज काढते. अंडी घालणे या काळात बंद होते. हा आजार नव्हे व आळसही नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचा स्राव वाढतो आणि त्याच्या योगे कोंबडीचे वागणे पालटते. तिच्या छाती-पोटाखालची पिसे झडतात व तेथील त्वचेचा रक्तपुरवठा वाढतो. ही उघडी, ऊन त्वचा अंड्यांना सरळ टेकते. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. उबविल्या जाणाऱ्या अंड्यास सुमारे साडेसदतीस अंश उष्णता लागते.

हा गुण कोंबडीला तिच्या रानातील पूर्वजांकडून मिळाला आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा होय. कोयना व चांदोलीच्या रानात जो राखी रानकोंबडा आढळतो, त्याचाही थोडा अंश पाळीव कोंबडीत आहे. पुष्कळ पाळीव कोंबड्यांच्या कातडीचा व पायांचा पिवळा रंग राखी रानकोंबड्याच्या वंशातून आला, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. पाटण किंवा शिराळा तालुक्यातील मुलांना ही माहिती विशेष आपलीशी वाटेल.

याउलट व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींत खुडूकपणा पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने जवळजवळ नाहीसा करण्यात आला आहे. अशी कोंबडी वर्षाला अडीचशेहून अधिक अंडी देते, पण स्वतः उबवीत नाही. गावठी कोंबडी वर्षाकाठी सुमारे चाळीस ते साठ अंडी देते, पण स्वतःची पिल्ले स्वतः काढून वाढविते. मोठ्या कुक्कुटपालनात पिल्ले यंत्रावर निघतात. पुणे व कोल्हापूर येथे शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत. परसातील चार कोंबड्यांच्या घरी मात्र खुडूक कोंबडी हेच उबवणीचे यंत्र. त्यास वीज लागत नाही, परंतु निगा लागते.

३. जागा, बुट्टी व अंडी

खुडूक झाल्याबरोबर कोंबडीखाली चांगली अंडी घालण्याची घाई करू नये. एक-दोन दिवस एखादे टाकाऊ अंडे ठेवून ती चिकाटीने बसते की नाही, हे पाहावे. बसल्यास अंडी रात्री किंवा सायंकाळी ठेवावीत. काळोखात कोंबडी नवी जागा शांतपणे स्वीकारते.

जागा आडोशाची, काळोखी व इतर कोंबड्यांच्या वाटेपासून दूर असावी. बुट्टी किंवा पसरट टोपली घेऊन तळाशी कोरडी माती अगर चाळलेली राख घालावी. वर भाताचा पेंढा, वाळले गवत किंवा उसाचे बारीक केलेले कोरडे पाचट पसरून मध्ये उथळ खोलगा करावा. खोलगा फार खोल असल्यास अंडी एकमेकांवर चढतात व फुटतात. फार सपाट असल्यास ती कडेला घरंगळून गार पडतात. बसविण्यापूर्वी कोंबडीच्या पंखांखाली उवा व पिसवा आहेत काय, हे पाहावे. किडीने बेजार झालेली कोंबडी कितीही चांगली असली तरी अंडी सोडून उठते.

अंडी निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

(अ) कळपात कोंबडा असावा. कोंबड्याविना घातलेले अंडे खाण्यास चांगले, पण त्यातून पिल्लू कधीच निघत नाही. दुकानात मिळणारी पोल्ट्रीची अंडी अशीच असतात.

(आ) अंडी ताजी असावीत. थंडीत सात दिवसांपर्यंतची चालतात, उन्हाळ्यात तीन-चार दिवसांपेक्षा जुनी ठेवू नयेत. उष्ण जागी पडून राहिलेल्या अंड्यात गर्भाची अर्धवट वाढ सुरू होते व तो मरतो. साठविताना अंड्याचे निमुळते टोक खाली असावे.

(इ) फार लहान, फार मोठी, वेडीवाकडी, चिरलेली अंडी घेऊ नयेत. मळकी अंडी पाण्याने धुऊ नयेत. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात व वरचे नैसर्गिक संरक्षक आवरण धुण्याने निघून जाते.

(ई) कोंबडीच्या अंगाखाली पूर्ण झाकली जातील इतकीच अंडी ठेवावीत. गावठी कोंबडीस साधारण दहा ते बारा पुरतात. लोभाने पंधरा-अठरा ठेवल्यास कडेची अंडी आळीपाळीने गार पडतात आणि बारापैकी निघाली असती तेवढीही पिल्ले निघत नाहीत.

(उ) सर्व अंडी एकाच वेळी ठेवावीत व प्रत्येकावर पेन्सिलीने अगर कोळशाने खूण करावी. मागाहून दुसऱ्या कोंबडीने त्यांत अंडे घातल्यास ते खुणेवरून ओळखून काढता येते.

अंड्यांची संख्या विषम असावी, बुट्टीत लोखंडाचा तुकडा ठेवावा, अशा समजुती कित्येक ठिकाणी आढळतात. शिक्षकाने त्यांची थट्टा करू नये. ‘दहा अंडी व अकरा अंडी यांत काय फरक पडला, हे आपण नोंदीवरून पाहू,’ एवढेच म्हणावे. नोंद पुरेशी झाली की उत्तर मुलेच काढतात.

४. ऋतू व प्रदेश

दोन्ही जिल्ह्यांचे हवामान एकसारखे नाही, म्हणून सर्व गावांस एकच सूचना लागू पडत नाही. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांत चैत्र-वैशाखाचा उष्मा मोठा शत्रू. पत्र्याखाली बुट्टी ठेवल्यास अंडी नासतात व कोंबडी तहानेने उठते. तेथे झाडाच्या किंवा जाड भिंतीच्या सावलीतील जागा शोधावी, भोवतालच्या जमिनीवर पाणी शिंपावे व पाण्याचे भांडे जवळ ठेवावे. पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळा या भागांत पावसाळ्यातील ओल हा शत्रू. तेथे बुट्टी जमिनीपासून उंच ठेवावी व पेंढा ओला होताच बदलावा. कृष्णाकाठच्या गावांत उसाच्या फडालगत मुंगूस व साप यांचे भय अधिक. एकंदरीत दिवाळीपासून माघ-फाल्गुनापर्यंतचा काळ उबवणीस सर्वांत सोयीचा होय, आणि सुदैवाने या काळात शाळाही भरलेली असते.

५. एकवीस दिवस

पहिला आठवडा : कोंबडी दिवसातून साधारण एकदा दहा ते वीस मिनिटे उठते. त्या वेळी तिला जोंधळा, बाजरी किंवा मका यांचे अख्खे दाणे व स्वच्छ पाणी तयार मिळाले पाहिजे. ती एकदम पुष्कळ व दुर्गंधीयुक्त विष्ठा टाकते. दिवसभर धरून ठेविल्यामुळे असे होते, हा रोग नव्हे. जवळ कोरडी माती-राख ठेवल्यास ती धुळीत लोळून अंग साफ करते. ती मुळीच उठत नसेल तर घरच्या बाईने तिला सायंकाळी अलगद उचलून बाहेर ठेवावे. पंखांत अंडे अडकले नाही ना, हे आधी पाहावे. या बैठकीत ती फार थोडे खाते व वजनाने उतरते, म्हणून जे खाईल ते सकस असावे.

या दिवसांत अंड्यात झपाट्याने घडामोडी होतात. दुसऱ्या दिवसाच्या सुमारास गर्भाचे हृदय धडधडू लागते, चौथ्या-पाचव्या दिवशी डोळ्याचा काळा ठिपका दिसू लागतो. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल याने निरनिराळ्या दिवशी अंडी फोडून ही वाढ पाहिली आणि रक्ताच्या ठिपक्यासारखे हृदय हालताना दिसते, असे लिहून ठेवले. वर्गात हा प्रयोग करण्याचे कारण नाही. अंडे न फोडता आत पाहण्याचा उपाय आहे.

सातवा दिवस : रात्री काळोखात विजेरीच्या तोंडाशी पुठ्ठ्याची नळी धरून अंड्याचे जाड टोक तिच्यावर टेकवावे. जिवंत गर्भ असल्यास काळ्या ठिपक्यापासून कोळ्याच्या पायांसारख्या तांबड्या शिरा पसरलेल्या दिसतात. वांझ अंडे सर्वत्र स्वच्छ उजळ दिसते. आत नुसते तांबडे कडे दिसल्यास गर्भ सुरुवातीस मेला, असे समजावे. ही परीक्षा घरच्या माणसाने करावी. परवानगी असल्यास दोन-तीन मुलांनी बाजूस उभे राहून पाहावे व दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर आकृती काढून सांगावे. वांझ व मेलेली अंडी काढून टाकावीत. न काढल्यास ती नासून फुटतात व चांगल्या अंड्यांना घाण लागते.

दुसरा आठवडा : कोंबडी चोचीने अंडी दिवसातून अनेक वेळा फिरविते व कडेची अंडी मध्ये घेते. यामुळे सर्वांस सारखी ऊब मिळते आणि गर्भ कवचाच्या आतील पापुद्र्यास चिकटून राहत नाही. याच काळात पिल्लास पिसांची लव व नखे येतात. छिद्रांवाटे पाणी वाफेच्या रूपाने जात राहिल्याने अंडे हलके होते व जाड टोकाकडील हवेची पोकळी वाढते. शंका असल्यास चौदाव्या दिवशी पुन्हा एकदा उजेडावर पाहावे.

तिसरा आठवडा : अठराव्या दिवसानंतर अंड्यांस कोणीही हात लावू नये. पिल्लू अंड्यात आपली जागा घेते, उरलेला बलक पोटात ओढून घेते, विसाव्या दिवसाच्या सुमारास हवेच्या पोकळीत चोच घालून श्वास घेऊ लागते व चोचीवरील बारीक टोकदार उंचवट्याने कवच टोचते. या वेळी आतून चिवचिव ऐकू येते व कोंबडीही हळू आवाजात साद देते. मुलांस ही साद दुरून ऐकवावी. ती ऐकलेले मूल पुढे कोणत्याही घरट्यास सहसा दगड मारणार नाही.

टोचल्यापासून बाहेर येईपर्यंत कित्येक तास लागतात. दया येऊन कवच सोलण्याचा मोह होतो, तो आवरावा. आतील पापुद्र्यातील रक्तवाहिन्या सुकल्या नसल्यास पिल्लू रक्तस्रावाने मरते. पिल्ले निघू लागली की मुंग्या येतात, म्हणून बुट्टीभोवती राखेची रेघ ओढावी व रिकामी कवचे उचलावीत.

६. पिल्लांचे पहिले दिवस

पोटातील बलकावर पिल्लू दोन दिवस निभावते. म्हणून पहिले पिल्लू निघताच कोंबडीला उठविण्याची गरज नाही. बाकीची निघू द्यावीत. नंतर पहिले आठ-दहा दिवस कोंबडी व पिल्ले डालग्याखाली ठेवावीत. घार, कावळा, मांजर व मुंगूस यांच्यामुळे सर्वांत अधिक नुकसान याच दिवसांत होते आणि ते टाळण्यास एक डालगे पुरते. पिल्लांस जोंधळ्याच्या, बाजरीच्या किंवा तांदळाच्या बारीक कण्या द्याव्यात. वाळवी मिळाल्यास उत्तम. पाणी उथळ ताटलीत देऊन त्यात खडे टाकावेत, म्हणजे पिल्ले बुडत नाहीत.

मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा कोंबड्यांचा सर्वांत घातक रोग होय. उत्तराखंडातील राणीखेत गावावरून भारतात त्यास हे नाव पडले. लागण झाल्यावर औषध नाही. लस हाच उपाय. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत देतात व सुमारे आठव्या आठवड्यास पुढील लस टोचतात. देवी रोगाचीही लस असते. लशीच्या एका कुपीत पुष्कळ मात्रा असतात, त्यामुळे एका घराने आणण्यापेक्षा वाडीतील चार घरांनी मिळून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याकडे दिवस ठरवून घ्यावा. असा दिवस ठरविण्याचे काम शाळेस सहज करता येईल. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. सहल त्या बाजूस जाणार असल्यास आगाऊ पत्र पाठवून भेटीची परवानगी मागावी.

गावात एकाएकी पुष्कळ पक्षी मेल्यास मुलांनी ते हाताळू नयेत व दवाखान्यास त्वरित कळवावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव झाला होता, हे सर्वांस ठाऊक आहे. एरवीही कोंबड्यांजवळून आल्यावर साबणाने हात धुण्याची सवय लावावी.

७. खुडूकपणा मोडणे

अंडी ठेवावयाची नसल्यास कोंबडीचा खुडूकपणा मोडतात. त्यासाठी तिला पाण्यात बुडविणे, नाकपुडीत पीस घालणे, पाय बांधून टाकणे असे उपाय केले जातात. ते क्रूर आहेत व अनावश्यकही. कोंबडी हवेशीर, उजेडाच्या जागी, खाली गादीसारखे काही नसलेल्या जाळीच्या किंवा फटींच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवावी; दाणापाणी भरपूर द्यावे. पोटाखाली गार हवा लागत राहिल्याने बहुधा एवढ्याने काम होते. अंडी रोजच्या रोज उचलल्यासही खुडूकपणा लवकर येत नाही. ज्याने सोपा व दयेचा मार्ग पाहिला, ते मूल घरी तोच सांगते.

८. वर्गातील कार्य

(१) पूर्वतयारी : वर्गातील कोणाच्या घरी कोंबडी खुडूक आहे, याची चौकशी करावी. शिक्षकाने स्वतः त्या घरी जाऊन घरच्या बाईस हेतू सांगावा व परवानगी घ्यावी. नकार आल्यास आग्रह धरू नये. शक्य असल्यास एखाद्या आजीस वर्गात बोलावून खुर्चीवर बसवावे व मुलांनी तिला प्रश्न विचारावेत. जिने आयुष्यभर अशी अनेक पिल्ले वाढविली, ती त्या दिवशी वर्गाची गुरू होय. ज्या घरी अंडी किंवा कोंबड्या वर्ज्य आहेत, त्या मुलांच्या भावनेस धक्का लागेल असे काही बोलू नये; त्यांना चिमणी, बुलबुल यांच्या घरट्याची दुरून नोंद करण्यास सांगावे.

(२) दिनदर्शिका : १ डिसेंबरच्या सायंकाळी अंडी ठेविली तर पिल्ले केव्हा निघतील? पुष्कळ मुले २१ डिसेंबर म्हणतील. एकवीस पूर्ण दिवस २२ डिसेंबरच्या सायंकाळी भरतात, हे दिनदर्शिकेवर बोट ठेवून मोजून घ्यावे.

(३) गणित : १२ अंडी ठेविली. सातव्या दिवशी २ वांझ निघाली. शेवटी ८ पिल्ले झाली. ठेविलेल्या अंड्यांशी प्रमाण शेकडा ६६⅔, पण सजीव अंड्यांशी प्रमाण शेकडा ८०. दोन्ही आकडे काढण्याचे कारण मुलांस विचारावे. वांझ अंडी पुष्कळ असल्यास दोष कोंबड्यात वा अंड्यांच्या साठवणीत शोधावा. पूर्ण वाढलेली पिल्ले अंड्यात मेल्यास दोष बहुधा शेवटच्या दिवसांतील निगेत असतो. अंकगणित येथे घरच्या उपयोगी पडते, हे मुलास उमगले पाहिजे.

(४) भाषा : खुडूक, खुराडे, डालगे, बुट्टी, तलंग, बलक, कण्या असे शब्द जमवून प्रत्येकाचे वाक्य लिहून घ्यावे. आजीच्या बोलीतील शब्द जसाच्या तसा लिहू द्यावा. तो अशुद्ध म्हणून खोडू नये.

(५) नोंदवही : तारीख, कोंबडी उठण्याची वेळ, किती मिनिटांनी परतली, हवा कशी होती, असे चार रकाने पुरेत. नोंद त्या घरच्या मुलाने ठेवावी व रोज पाच मिनिटे वर्गात वाचावी. एरवी मागे बसणारे मूल या तीन आठवड्यांत वर्गाचे प्रमुख होते, हा लाभ लहान नव्हे.

९. समारोप

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली व पुढे श्रम आणि शिक्षण यांची सांगड घालून दाखविली. त्या भूमीतील शाळांना घरकामाचे वावडे असण्याचे कारण नाही. पाठ संपल्यावर नोंदवहीची एक प्रत त्या घरी नेऊन द्यावी व वाचून दाखवावी. कोणती अंडी वांझ गेली, कोठे चूक झाली, पुढील वेळी काय करावे, हे त्यात असावे. पुढच्या उबवणीत एखादे पिल्लू अधिक वाचले, तर शाळेने घराचे ऋण थोडे फेडले असे होईल.

१०. स्वाध्याय

१. कोंबडी अंडी का फिरविते? दोन कारणे लिहा.
२. दुकानातील अंडे खुडूक कोंबडीखाली ठेविले तर काय होईल? का?
३. उबवावयाची अंडी पाण्याने का धुऊ नयेत?
४. तुमच्या गावात उबवणीस अधिक धोका कशाचा : उष्म्याचा, ओलीचा की शिकारी प्राण्यांचा? त्यावर तुमच्या घरी काय उपाय करतात?
५. ११ अंड्यांपैकी १ वांझ निघाले व ७ पिल्ले झाली. सजीव अंड्यांपैकी शेकडा किती पिल्ले निघाली?
६. आजीला किंवा आईला विचारून लिहा : कोंबडी खुडूक झाली हे कसे ओळखतात?